तुमची आवड तुमच्या पत्रातच आहे

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून:

वय ४६. मुंबईत बँकेत नोकरी, बदलापूरहून रोज लोकलने ये-जा. नुकतीच बढती मिळाली आहे. "कपाटात सात बॅगा आहेत, तरी रोज खांद्याला लागते ती निळी कापडी बॅग. एका प्रदर्शनात सहज शिरले होते तेव्हा घेतलेली. आता तिचा पट्टा उसवतोय, कोपरे विरलेत. शाखेतल्या मैत्रिणी म्हणतात, आता पदाला शोभेल अशी घ्या. नणंदेने अमेरिकेहून आणलेली चामड्याची मोठी बॅग आहे, पण ती जड आणि आत हात घातला की काही सापडत नाही. मुलीने दिलेली स्लिंग सुंदर आहे, पण डबा मावत नाही. बहिणीची मोतिया रंगाची मळेल म्हणून ठेवून दिली. लिंकिंग रोडवर मैत्रिणींच्या पसंतीने घेतलेलीला चेन नाही, नुसतं चुंबक, त्यामुळे गाडीत छातीशी धरून उभं राहावं लागतं. बँकेने दिलेली सॅक साडीवर बरी दिसत नाही. एक काळी ऑनलाइन मागवली होती, ती न वापरताच तिचे पापुद्रे सुटले. यजमान म्हणतात, सात असताना आठवी कशाला? दुकानात गेले की मी गोंधळते. बरोबर असेल तिला विचारते, तुला कुठली आवडली? आणि तीच घेऊन येते. मला स्वतःची आवडनिवडच नाही का? तीन हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे. कुठली बॅग घेऊ?"

नमस्कार,

कुठली बॅग घ्यायची ते पुढे बघूच. त्याआधीचा तुमचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तुम्ही स्वतःवर अन्याय केला आहे. आवडनिवड नसलेल्या बाईने असं पत्र लिहिलंच नसतं. सहा बॅगांपैकी प्रत्येक का चालत नाही, हे तुम्ही एकेका वाक्यात नेमकं सांगितलं आहे. जड नको. आत अंधारी विहीर नको. डबा मावायला हवा. चेन हवी. साडीवर बरी दिसायला हवी. मळखाऊ रंग हवा. एखाद्या कारागिराला एवढं सांगितलं तर तो कापड बेतायला घेईल. तुमची आवड पक्की आहे, फक्त ती तुम्ही तक्रारीच्या रूपात लिहिली आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. चार बॅगा भेट मिळालेल्या, एक मैत्रिणींच्या पसंतीची, एक फोनवर फोटो बघून मागवलेली. निळी बॅग मात्र "सहज शिरले होते तेव्हा" घेतलेली. बरोबर कोणी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे हातात धरून, खांद्याला लावून, कुणाला न विचारता तुम्ही घेतलेली ही एकच बॅग, आणि ती झिजेपर्यंत वापरली गेली. यजमानांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. त्यांचा हिशेब सातचा आहे, पण तुमच्या निवडीच्या बॅगा सात नाहीत, एक आहे. हे त्यांना शांतपणे सांगून बघा. घरात कापडचोपड, भांडी, मुलांचं दप्तर, सगळं निवडणाऱ्या बाईला स्वतःच्या वस्तूबद्दल विचारलं की "काहीही चालेल, तूच बघ" असं म्हणायची सवय लागते. वर्षानुवर्षं तसं म्हटलं की लोक अंदाजाने देत राहतात आणि आपण कपाटात ठेवत राहतो. नणंदेचा, बहिणीचा किंवा मुलीचा यात काही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही कदाचित म्हणाल, निळी बॅग ही आवड कसली, ती तर सवय. ही शंका रास्त आहे. सवय आणि आवड यांत फरक असतो आणि तो तपासताही येतो. समजा ती बॅग उद्या गाडीत राहिली. मग तुम्ही तशीच शोधाल, की सुटले म्हणून दुसऱ्या तऱ्हेची घ्याल? तशीच शोधणार असाल तर नेमकं तिचं काय शोधाल? पट्ट्याची रुंदी? बाहेरचा कप्पा? तो निळा रंग? एका कागदावर लिहा, आणि त्यापुढे जे गेलं तरी चालेल तेही लिहा. मला वाटतं, रंग तुम्हाला वाटतो त्याहून बराच वर येईल. तुमच्या रोजच्या नेसण्यातल्या साड्या पलंगावर काढून बघा. त्यांत कुठले रंग पुन्हा पुन्हा दिसतात? सोयीचं तेवढंच आपलं आणि रंगरूपाची ओढ म्हणजे नखरा, असं मानू नका. रोज नजरेला पडणारी वस्तू डोळ्यांना बरी वाटावी, ही साधी आणि खरी गरज आहे.

कुठली वस्तू कुठे ठेवायची, हे ज्ञान आपल्याकडे बायकांना पूर्वी फार नीट होतं. नऊवारीच्या कनवटीला पैसे, पदराच्या गाठीत किल्ली, आणि चंचीत पान, सुपारी, कात, चुना प्रत्येकाचा वेगळा कप्पा. चंची न बघता उघडायची आणि बोटं बरोबर सुपारीवर जायची. पर्स आली आणि कप्प्यांची ती शिस्त दुकानदाराच्या हाती गेली. नणंदेच्या बॅगेत तुम्हाला काही सापडत नाही, कारण तिला बहुधा एकच मोठं पोट आहे आणि आतलं अस्तर काळं किंवा गडद तपकिरी आहे. काळ्या अस्तरावर किल्ल्यांचं काळं पाकीट, काळा चार्जर, काळी चष्म्याची डबी कशी दिसणार? पुढच्या वेळी अस्तराचा रंग आधी बघा. फिकट अस्तर मळतं हे खरं, पण वस्तू एका नजरेत दिसतात. तुमच्यासारख्या चष्मा लागलेल्या, घाईत पास काढणाऱ्या बाईसाठी हा मोठा फायदा आहे.

आता वजनाकडे येते, कारण पत्रात "जड" हा शब्द तुम्ही ओझरता वापरला आहे आणि मला तो ओझरता वाटत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वर स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळं. भरलेला डबा, छत्री, चार्जर, चष्मा, औषधं, संध्याकाळी स्टेशनबाहेरून घेतलेली भाजी. बॅगेचं स्वतःचं वजन धरायच्या आधीच खांद्यावर तीन किलोच्या आसपास भार झालेला असतो. मोठी चामड्याची बॅग रिकामीच किलोभर भरू शकते, तर कापडी किंवा नायलॉनची बॅग त्याच्या निम्म्याहून कमी. शाळकरी मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नको, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं, आणि दप्तर तर दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं. आपण मोठ्या बायका तो भार एकाच खांद्यावर, बहुतेक वेळा त्याच त्या खांद्यावर, सव्वा-दीड तास उभ्याने वाहतो. एकदा तुमची रोजची बॅग भरलेली असतानाच वजनकाट्यावर ठेवा. घरी सामान तोलायचा हुकाचा काटा नसेल तर बॅग घेऊन आणि बॅगेविना स्वतःचं वजन करा आणि फरक काढा. आकडा बघितला की निम्म्या बॅगा आपोआप यादीतून जातील. खांदा किंवा मान आत्ताच दुखत असेल तर नवी बॅग घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर बाटली अर्ध्या लिटरची करा, शाखेत पाणी मिळतंच.

"पदाला शोभेल" याचाही विचार करू. मैत्रिणींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. उसवलेला पट्टा आणि विरलेले कोपरे ग्राहकांसमोर, विभागीय कार्यालयातल्या बैठकीत दिसतात, आणि नव्या पदावर बसलेल्या बाईकडे लोक जरा जास्त बारकाईने बघतात, हे दुर्दैवाने खरं आहे. पण नीटनेटकं आणि भारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पद वाढलं म्हणून तुमची लोकल बदललेली नाही, डबा तोच आहे, खांदाही तोच. चामडं म्हणजे अधिकार आणि कापड म्हणजे कारकुनी, असं तुमच्या शाखेत खरंच कुणी मानतं का, की हे आपणच गृहीत धरलं आहे? ताठ उभी राहणारी, कडा नीट शिवलेली, एकरंगी जाड कॅनव्हासची बॅग कुठल्याही बैठकीत शोभते.

एकाच बॅगेने सगळं करावं हा हट्टही सोडून द्या. डबा, गर्दी, पाऊस, बैठक, लग्न हे सगळं एकटीने पेलणारी बॅग मला तरी माहीत नाही. नणंदेची चामड्याची बॅग बैठकीच्या दिवसांसाठी ठेवता येईल. त्या दिवशी डबा वेगळ्या पिशवीत घ्या आणि बाटली घरी ठेवा. बॅगा बदलताना नेमका पास किंवा गोळ्या जुन्या बॅगेत राहतात, म्हणून बायका बदलायचंच टाळतात. त्यावर साधा उपाय म्हणजे आतले सुटे पाऊच. एकात पास, ओळखपत्र, किल्ल्या, पैसे. दुसऱ्यात औषधं, कंगवा, सॅनिटरी पॅड, सेफ्टी पिना. हे दोन उचलून या बॅगेतून त्या बॅगेत टाकले की काम झालं. दोन्ही पाऊचचे रंग वेगळे ठेवा.

पापुद्रे निघालेल्या काळ्या बॅगेबद्दल तुम्ही स्वतःला बोल लावू नका. ती बहुधा पीयूची, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेली असावी. बाजारात तिला लेदरेट म्हणतात, हल्ली व्हेगन लेदरच्या नावाखालीही बऱ्याचदा हेच विकलं जातं. हवेतली आर्द्रता हळूहळू हा थर तोडते. बॅग वापरा नाहीतर कपाटात ठेवा, ठाणे-मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो एक दिवस सुटायला लागतोच, आणि एकदा सुटला की दुरुस्ती नाही. म्हणून अशी बॅग घेतलीच तर लगेच वापरायला काढा. खऱ्या चामड्याची अडचण वेगळी आहे. ते टिकतं, उसवलं तर शिवता येतं, पण पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून बाहेर काढून वारा द्या, ओलं झालं तर पुसून सावलीत वाळवा. कॅनव्हास भिजलं की जड होतं, पण वाळतं आणि बहुतेक धुताही येतं. नायलॉन सगळ्यांत हलकं आणि पावसाला सोशिक, मात्र स्वस्तातलं असेल तर लोंबतं आणि आकार धरत नाही. खणाच्या किंवा पैठणीच्या बॅगा मला फार आवडतात, पण गर्दीच्या डब्यात कुणाच्या बांगडीत, कुणाच्या ओढणीच्या लेसमध्ये त्यांची जर अडकते. त्या रोजच्या लोकलसाठी घेऊ नका.

दुकानात गोंधळ होतो, कारण तिथे बॅग रिकामी असते, आत कागदाचे बोळे भरून फुगवलेली असते आणि दिवा तिच्यावर मारलेला असतो. तुमचं रोजचं सामान बरोबर घेऊन जा. डबा, बाटली, छत्री, चष्म्याची डबी, सगळं. दुकानदाराला सांगून बोळे काढा आणि आपलं सामान भरा. डबा आडवा, सपाट बसतो का ते बघा. बॅगेच्या तळाची रुंदी डब्यापेक्षा कमी असेल तर तो कलतो आणि आमटी अस्तरात जाते. मग खांद्याला लावून दुकानात फिरा, बोलत राहा, इतर माल बघा. पट्टा घसरतो का? रुततो का? काखेत घट्ट बसतो का? एका हाताने, न बघता चेन उघडून बघा, कारण दुसऱ्या हाताने तुम्ही गाडीत कडी धरलेली असणार. चेनचा रनर कोपऱ्यावर अडखळत असेल तर नवीन असताना अडखळणारा पुढे मुळीच चालणार नाही. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथले टाके नखाने ओढून बघा. तिथे चौकोनात फुली घालून शिवलेलं असेल तर चांगलं, एकेरी शिवण असेल तर ठेवून द्या. चेनसकट बाहेरचा कप्पा अंगाच्या बाजूला हवा, लोकांच्या बाजूला नको. फोन आणि पास तिथे राहील.

माप कुठलं घ्यायचं, हा प्रश्न तर तुम्हाला अवघड जायलाच नको. शिवणाची टेप घ्या आणि निळ्या बॅगेची मापं लिहा. पट्टा वरपासून बॅगेच्या तोंडापर्यंत किती लांब, पट्टा किती रुंद, तळ किती, उंची किती. एवढी वर्षं तुमच्या खांद्याने मान्य केलेली मापं आहेत ती. ऑनलाइन मागवायचं झालं तरी वर्णनातली मापं याच्याशी ताडून बघा. फोटो बघून ठरवू नका, फोटोत बॅगेचा आकार कळत नाही.

आणि दुकानात एकट्या जा. मुलीला न्यावंसं वाटलं तर न्या, पण आधी सांगून ठेवा की मी विचारलं तरी तू मत द्यायचं नाहीस. पहिल्या दिवशी काही घेतलंच पाहिजे असंही नाही. "बघून येते" म्हणून बाहेर पडायला लाजू नका.

हे पत्र वाचून ज्यांना आपलंच वाटलं, पण ज्यांचा दिवस वेगळा आहे, त्यांच्यासाठी थोडं. पुण्यात किंवा नाशकात स्कूटर चालवत असाल तर खांद्यावरून घसरणारा पट्टा धोक्याचा आहे, आडवी अडकवायची किंवा पाठीवरची बॅग बरी. मोठ्या पट्ट्याची बॅग पुढे हुकाला लावली तर ती हँडलच्या आड येत नाही ना ते उभ्या गाडीवर वळवून बघा. कडेवर लहान मूल असेल तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि बॅगेवर टोकदार बक्कल, साखळ्या नकोत. सत्तरीच्या पुढच्या मावश्यांना बँकेत, भाजीला जाताना लहान, हलकी, गळ्यातून आडवी घेतलेली बॅग आणि मोठ्या रनरची चेन सोयीची जाते. बोटं आखडली की बारीक रनर पकडता येत नाही. यांपैकी कुणालाही दुसरीची बॅग चालणार नाही, म्हणून "तू कुठून घेतलीस?" या प्रश्नाआधी आपला दिवस कसा जातो ते मांडून बघा.

मिळालेल्या भेटींचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते ओझं जाणवतं. स्लिंग ठेवा, ती सुट्टीच्या दिवशी मुलीबरोबर फिरायला जाताना डब्याविना उत्तम आहे. मोतिया बॅग लग्नकार्याला काढा, आणि वर्षभरात निघालीच नाही तर बहिणीलाच मोकळेपणाने विचारा की तुझ्या सुनेला देऊ का. सॅक पावसाळी सहलीला किंवा घरातल्या कुणा विद्यार्थ्याला. लिंकिंग रोडच्या बॅगेला चेन लावून मिळते का ते बॅग दुरुस्तीवाल्याला दाखवा, बऱ्याचदा मिळते. काळी मात्र टाकून द्या. आणि पुढच्या वेळी नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, काय आणू?" तर "काही नको गं" म्हणू नका. "हलकी, निळी, चेनची, अस्तर फिकट" असं सांगा. त्यांनाही बरंच वाटेल.

आता तीन हजारांचं. माझं मत विचाराल तर दुकानात जायच्या आधी एक वाट करून बघा. निळ्या बॅगेसारखीच, जाड कॅनव्हासची, तुम्हाला आवडणाऱ्या गडद रंगात एक शिवून घ्या. बॅगा शिवणारे कारागीर ठाणे-डोंबिवलीकडे मिळतात, बचत गटांच्या बायका उत्तम शिवतात, मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात त्यांच्याशी थेट बोलता येतं. चामड्याचीच हवी असं मनाने घेतलं तर धारावीतल्या चामड्याच्या बाजारात ऑर्डरप्रमाणे बनवून देणारे आहेत, पण त्यांना आधी वजनाची अट सांगा. पट्टा पुढे हवा तसा कमी-जास्त करता येईल अशी कडी लावून घ्या, तळाला दुहेरी कापड घाला, कोपऱ्यांना मजबूत पट्टी लावा, कारण तुमची बॅग तिथेच विरते. कप्पे कुठे हवेत ते कागदावर काढून न्या.

कारागिराकडे नमुना म्हणून निळी बॅग न्या, पण नीट मापं घ्यायला ती उसवून देऊ नका. समोर बसून मापं घ्यायला सांगा, पट्ट्याला तिथेच चार टाके मारून घ्या आणि तिला परत घेऊन या. नवी हातात येऊन, एकदा पूर्ण भरून, गर्दीच्या वेळेला बदलापूर ते मुंबई नेऊन बघेपर्यंत तुम्हाला ती रोज लागणार आहे.